चेन्नई : कृष्णेच्या पाण्याशी जोडलेले महानगर

चेन्नई : तमिळनाडूची राजधानी असलेले चेन्नई हे महानगर बंगालच्या उपसागरालगतच्या सपाट कोरोमंडल किनारपट्टीवर वसले आहे. कूवम व अड्यार या नद्या शहरातून, तर कोसस्थलैयार उत्तरेकडून वाहत समुद्राला मिळते. तथापि वर्षभर भरवशाचे पाणी देणारी एकही नदी या शहराला लाभलेली नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये स्थानिक नायकांकडून येथील जागा मिळवून सेंट जॉर्ज किल्ल्याची उभारणी केली. आज याच किल्ल्याच्या आवारात राज्याची विधानसभा व सचिवालय आहे. १६८८ मध्ये स्थापन झालेली येथील महानगरपालिका देशातील सर्वांत जुनी मानली जाते. १९९६ मध्ये मद्रासचे अधिकृत नाव चेन्नई झाले.

येथे नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे खोल पाण्यात थांबत आणि माल लहान नावांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर आणला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम बंदराचे काम सुरू झाले. १८८१ च्या चक्रीवादळात त्याची मोठी हानी झाली, तरी ते पुन्हा उभारण्यात आले. पेरांबूर येथे १९५५ मध्ये रेल्वेडबे बनविणारा कारखाना सुरू झाला. पुढे श्रीपेरुंबुदूर व ओरगडम परिसरात मोटार उद्योगाचा, तर जुन्या महाबलीपुरम मार्गावर माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचा विस्तार झाला.

या विस्ताराबरोबर पाण्याची गरजही वाढत गेली. पूंडी, चोळवरम, पुळल व चेंबरंबाक्कम हे जलाशय मुख्यत्वे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसावर अवलंबून आहेत. त्यामुळे १९७६ च्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी चेन्नईसाठी देण्याचे मान्य केले. वहनातील घट वजा जाता तमिळनाडूच्या सीमेवर १२ टीएमसी पाणी मिळणे अपेक्षित आहे. ‘तेलुगू गंगा’ प्रकल्पांतर्गत श्रीशैलम जलाशयातील पाणी सोमशिला व कंडलेरू जलाशयांमार्गे पूंडीपर्यंत येते. १९९६ मध्ये ते प्रथम तमिळनाडूत पोहोचले. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या कृष्णेशी चेन्नईचे असे नाते जुळले.

मात्र दूरवरून आणलेल्या पाण्याने प्रश्न पूर्णतः सुटला नाही. २०१५ मध्ये अतिवृष्टीने शहर जलमय झाले, तर २०१९ च्या उन्हाळ्यात प्रमुख जलाशय जवळपास कोरडे पडले आणि जोलारपेट्टै येथून रेल्वेने पाणी आणावे लागले. मिंजूर व नेम्मेली येथे समुद्राचे पाणी गोडे करून पुरविण्यासाठी प्रकल्प उभारण्यात आले. दक्षिण भागातील पल्लिकरणै पाणथळ क्षेत्राला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. पावसाचे पाणी सामावून घेणारी अशी क्षेत्रे आणि जुने तलाव टिकविणे, हे पूर व टंचाई या दोन्ही संकटांवरील महत्त्वाचे उत्तर आहे.