जळालेला रोध कसा वाचायचा?

शेगावात आम्ही संगणकाचा जुना पडदा उघडला. बॅटरीच्या उजेडात चित्र दिसे, पण मागच्या नळ्या लागत नव्हत्या. त्यांना शेकडो व्होल्ट पुरवणाऱ्या परिपथातला एक रोध कोळसा झाला होता.

रोधाची किंमत रंगांनी सांगायची पद्धत 1920च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ उत्पादकांनी रुजवली. पुढे पट्टे आले. ते कुठल्याही बाजूने वाचता येतात. मग रोध तांदळाच्या दाण्याहून लहान झाले आणि पट्ट्यांऐवजी आकडे आले. 103 म्हणजे 10वर तीन शून्ये, 10,000 ओहम. जळल्यावर मात्र रंग काय अन् आकडे काय!

सुदैवाने नळ्या दोन, म्हणून परिपथही जुळे. शाबूत जुळ्यावर आकडा सापडला. नवा रोध लावण्यापूर्वी शेजारचा ट्रान्झिस्टर तपासला. तोच शॉर्ट झाला होता.