पाखंड व धर्मनिंदा

पूज्य वा पवित्र मानलेल्या गोष्टींविषयीचा अनादर दर्शविणारे शब्द. पाखंड, नास्तिक्य, निंदा, अधिक्षेप, विटंबना, विटाळ, बाट इ. शब्द मराठीत या अर्थाने रूढ आहेत. हे शब्द एखाद्या कृतीचे वर्णन करतात; त्याचबरोबर ती कृती अनुचित ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हेही त्यांवरून कळते. त्यामुळे धर्मेतिहासाचे साधन म्हणून त्यांना महत्त्व आहे.

पाखंड हा शब्द मुळात निंदाव्यंजक नव्हता. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अशोकाच्या लेखांत ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ वा संप्रदाय. गिरनार येथील बाराव्या शिलालेखात सर्व पासंडांचा आदर करावा, तसेच स्वपंथाची अवाजवी स्तुती व परपंथाची निष्कारण निंदा टाळून वाणीचा संयम पाळावा, असे सांगितले आहे. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास रचलेल्या मनुस्मृतीत मात्र पाषंडी मनुष्याचा शब्दानेही सत्कार करू नये व राजाने त्यास नगराबाहेर घालवावे, असा दंडक आढळतो. नास्तिक शब्दाचेही असेच झाले. पाणिनीय परंपरेत परलोक न मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. पहिल्या व्याख्येत मत महत्त्वाचे आहे, दुसऱ्या व्याख्येत प्रमाणग्रंथाशी असलेली निष्ठा.

या स्थित्यंतराशी ताडून पाहण्याजोगा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात उपलब्ध झाला आहे. वैनगंगेच्या पश्चिमेस सावली, ब्रह्मपुरी व नागभीड हे तालुके असून नागभीड तालुक्यातील देवटेक येथे एका मोठ्या शिळेवर दोन भिन्न काळांतील लेख सापडले. पहिला लेख प्राकृत भाषेत व अशोककालीन ब्राह्मी लिपीत असून त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केली आहे. दुसरा लेख संस्कृतात असून चिक्कंबुरी येथील रुद्रसेन राजाच्या धर्मस्थानाचा त्यात उल्लेख आहे. चिक्कंबुरी म्हणजे देवटेकजवळचे चिकमारा होय. वा. वि. मिराशी यांच्या मते पहिला लेख अशोकाच्या धर्ममहामात्राचा असून दुसऱ्यातील राजा म्हणजे चौथ्या शतकातील वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन. वाकाटक ताम्रपटांत त्यास महाभैरवाचा परमभक्त म्हटले आहे. अहिंसेच्या आज्ञेविषयी त्याला आस्था नसल्यामुळे जुना लेख छिनून त्याच शिळेवर नवा कोरण्यात आला, असे अनुमान मिराशी यांनी केले. हे अनुमान ग्राह्य धरल्यास एका धर्माज्ञेचा येथे अधिक्षेप झाला, असे म्हणावे लागते. मात्र नव्या लेखात तिच्या जागी धर्मस्थान हाच शब्द आला आहे. सत्ताधाऱ्याच्या अशा कृतीस पाखंड म्हणणारा कोणी त्या शिळेवर उरला नाही.

मराठी संतवाङ्मयात अनादराचे एक मान्य रूपही दिसते. नामदेव, जनाबाई इ. संत विठ्ठलाशी भांडतात, त्यास कठोर शब्दही वापरतात. परंपरेने हा प्रेमकलह मानला. याउलट तुकारामांचे अभंग हाच अधिकारबाह्य वाणीचा अपराध ठरवून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यात आल्याची कथा प्रसिद्ध आहे. विटंबना व विडंबन हे दोन्ही शब्द ‘अनुकरण, उपहास’ या अर्थाच्या एकाच संस्कृत शब्दापासून आले. मराठीत पहिल्यास अप्रतिष्ठेचा अर्थ प्राप्त झाला, तर दुसरा वाङ्मयप्रकाराचे नाव बनला. प्र. के. अत्रे यांच्या झेंडूची फुले (१९२५) या संग्रहाने तो विशेष लोकप्रिय केला.

विटाळ व बाट या शब्दांत अनादराचा आरोप कृतीवरून माणसाच्या देहावर आला. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्यात पंचगव्य ओतून त्याची शुद्धी केली. एका पक्षाच्या दृष्टीने तळे बाटले होते. दुसऱ्याच्या दृष्टीने शुद्धीचा विधी हीच मनुष्यत्वाची विटंबना होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे जाहीर दहन करण्यात आले. तळ्याविषयीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धर्माची दीक्षा दिली. ज्या पंथास पूर्वी पाषंड म्हटले गेले, त्याचा स्वीकार येथे प्रतिष्ठेचा मार्ग म्हणून झाला.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत उपासनास्थानांची हानी व धर्मभावना दुखविणारे उद्गार यांविषयी २९५ ते २९८ ही कलमे होती. लाहोर येथील एका पुस्तिकेच्या प्रकाशकाची निर्दोष मुक्तता झाल्यानंतर १९२७ मध्येच त्यांत २९५–अ या कलमाची भर पडली. त्यानुसार अपराध सिद्ध होण्यास हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धी आवश्यक ठरली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम २९९ मध्ये आहे. येथे प्रमाणग्रंथाशी असलेल्या निष्ठेऐवजी कर्त्याचा हेतू तपासला जातो; परंतु भावना कोणाच्या व किती दुखावल्या, हा पाखंड शब्दाइतकाच जुना वाद त्यातही शिल्लक राहतो.