शटर पडले!

आमच्या नाशकात ‘शटर पडले’ म्हटले की लोकांना मेन रोडवरची दुकाने आठवतात. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याचे मात्र आईच्या सहस्रचंद्रदर्शनालाच पडले. ऐन ओवाळताना फोटोत तिच्या निम्म्या चेहऱ्यावर काळी पट्टी आली, मग नुसतेच ‘एरर’.

दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, पडदा झिजला. लाखभर वेळा उघडमीट झाल्यावर काय होणार? कॅमेरा डिजिटल, पण शटर बिचारं यंत्रच!”

लाखभर! मी ओशाळलो. मला आमचे दादासाहेब फाळके आठवले. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थाने १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्याचा दांडा हाताने फिरवायचा. आतली चकती फिरून भिंगामागे उजेड-अंधार करायची. झाले शटर! पडद्याची नाडी हाताला लागायची. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि दादासाहेबांनी आपला कारखाना नाशकात हलवला. पण त्याआधी त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर थांबत थांबत एकेक चित्र टिपून ‘अंकुराची वाढ’ केली. मी महिनाभरात मांजराचेच चारशे काढतो.

नवे शटर बसवले. आई म्हणाली, “आता एकच काढ, पण नीट काढ.” श्वास रोखून मी बटण दाबले. शटर झक्क उघडले; नेमक्या त्याच क्षणी आईचे डोळे मिटले.

तो फोटो मी पुसलेला नाही. एक्याऐंशी वर्षे अखंड चाललेले ते शटर. त्याला नावे कोण ठेवणार?