चिटणिसाचे खाजगी कागद

हिंदच्या जलमार्गाचे नकाशे हे पोर्तुगालचे राजगुपित होते. काँगो नदीच्या दक्षिणेचा किनारा नकाशांत दाखवू नये, असा हुकूम राजा मानुएल याने १५०४ मध्ये काढला. सफरीहून परतलेल्या नाखव्याला आपला नकाशा लिस्बन येथे जमा करावा लागे. बंदोबस्त कडक होता; परंतु तो नकाशांवर होता, माणसांच्या टिपणवह्यांवर नव्हता.

१५८३ मध्ये आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांचा चिटणीस म्हणून लिन्स्खोतेन हा डच तरुण गोव्यात आला. वारे, खडक, बंदरे, पोर्तुगीज नाखव्यांची मार्गटिपणे, जे जे मिळाले ते त्याने स्वतःजवळ उतरून ठेवले. चिटणिसाने लिहीत बसावे यात वावगे ते काय वाटणार? १५९२ मध्ये तो त्या कागदांसह मायदेशी परतला आणि १५९५-९६ मध्ये ते छापून निघाले. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, तेव्हा पूर्वेची वाट डचांच्या परिचयाची झाली होती.

आज कचेरीतले नोकर घरी काम करणे सोयीचे पडावे म्हणून कंपनीची कागदपत्रे आपल्या खाजगी क्लाउडवर ठेवतात. त्यांच्या मनात तर लिन्स्खोतेनएवढाही हेतू नसतो. डच कंपनीने मात्र पुढे आपल्या नाखव्यांकडून सफरीनंतर नकाशांबरोबर रोजनिश्याही परत घेण्याचा नियम ठेवला.