गवारीच्या डिंकाची साक्ष

१/ एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील वेंडे येथे गुरांच्या वैरणीचे पृथक्करण करण्याची एक पद्धत सिद्ध झाली. नमुना आधी आम्लात, मग अल्कलीत उकळायचा. विरघळत नाही तो चोथा. पुढे माणसाच्या अन्नालाही हेच माप लागले. विरघळणारे तंतू त्यातून निसटले आणि उरलेला चोथा निरुपयोगी गणला गेला.

२/ युगांडात दीर्घकाळ सेवा केलेल्या डेनिस बर्किट व ह्यू ट्रॉवेल या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात या समजाला आव्हान दिले. ग्रामीण आफ्रिकेत विरळ असणारे आतड्याचे विकार पाश्चात्त्य देशांत का बोकाळले? त्यांचे उत्तर होते : अन्नातून गेलेला चोथा. पण हे केवळ निरीक्षण होते.

३/ प्रयोग केला डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी. १९७८ साली त्यांनी ग्लुकोजच्या पेयात निरनिराळे तंतू मिसळून स्वयंसेवकांना दिले. रक्तशर्करेची उसळी रोखण्यात सर्वांत प्रभावी ठरला तो गवारीच्या बियांचा डिंक. मात्र रेणू तोडून त्याचा दाटपणा घालवताच परिणामही नाहीसा झाला!

४/ म्हणजे किमया दाटपणाची होती. दाट मिश्रणातून साखर सावकाश शोषली जाते. लहान आतड्यात न पचलेला हा डिंक मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी मेदाम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात.

५/ वैरणीच्या त्या जुन्या मापाला हा डिंक जवळजवळ दिसतच नव्हता. म्हणून आकडा वाचताना माप कोणी, कशासाठी घडवले, हेही विचारावे.