कोलोनमधील एक दुपार

कोब्लेन्झ सोडून आमची बोट ऱ्हाईन नदीतून उत्तरेकडे निघाली, तेव्हा उजव्या तीरावर द्राखेनफेल्सची टेकडी लागली. कोलोनच्या महामंदिराचा बराचसा मध्ययुगीन दगड याच टेकडीतून काढून नदीमार्गे नेला गेला. आम्ही त्या दगडांच्याच वाटेने चाललो होतो.

कोलोनला आम्हांस अवघी एक दुपार मिळाली. पूर्वी हे चालले नसते. १२५९ साली शहराला मिळालेल्या हक्कानुसार येथून जाणाऱ्या व्यापाऱ्यास आपला माल उतरवून तीन दिवस विक्रीस मांडावा लागे. तो हक्क १८३१ साली संपुष्टात आला. पर्यटकांपुरता तो राहिला असता तर बरे झाले असते, असे परतताना वाटले.

महामंदिराची कीर्ती वाचकांच्या कानी आलेलीच असेल. १२४८ साली पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी पायाभरणी झाली; सोळाव्या शतकात काम थांबले आणि अर्धवट मनोऱ्यावरील यारी तीनशेहून अधिक वर्षे तशीच उभी राहिली. १८८० साली १५७ मीटर उंचीचे मनोरे पूर्ण झाले. मिलानहून ११६४ साली आणलेले तीन राजांचे अवशेष येथील सुवर्णमंजूषेत आहेत. तेथे गर्दी फार.

आमचे पाय मात्र स्टेफान लोखनर या चित्रकाराच्या वेदीचित्रापुढे खिळले. १४४० च्या दशकातील हे चित्र. मध्यभागी बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया, दोन्ही बाजूंना नतमस्तक राजे. रंग असे की कालच वाळले असावेत. परंतु हे चित्र महामंदिरासाठी काढलेलेच नव्हते. ते होते नगरपरिषदेच्या प्रार्थनालयासाठी, आणि ते प्रार्थनालय पूर्वीचे सिनेगॉग होते.

कोलोनमध्ये यहुदी लोक रोमन काळापासून होते. सम्राट कॉन्स्टंटाईनच्या ३२१ सालच्या फर्मानात त्यांचा उल्लेख आहे. १२६६ साली आर्चबिशप एंगेलबर्ट यांनी त्यांना संरक्षण दिले : मृतांचे दफन निर्वेधपणे करता यावे, जकात इतरांइतकीच असावी. ती सनद दगडावर कोरून याच महामंदिरात लावली गेली व आजही तेथे आहे. दगड राहिला, वचन राहिले नाही. १३४९ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत त्यांच्या वस्तीची कत्तल झाली. पुढे परत आलेल्यांना नगरपरिषदेने १४२४ साली कायमचे घालवून दिले, आणि दोनच वर्षांत सिनेगॉगचे प्रार्थनालय झाले. त्यानंतर १७९८ पर्यंत एकाही यहुद्याला शहरात घर करता आले नाही. ज्या मातेपुढे नगरशेठ गुडघे टेकत होते ती, आणि तिच्या मांडीवरचे बाळ, कोणत्या समाजातले होते हे त्यांच्या ध्यानी आले नसेल काय?

आम्ही घाईने नगरभवनाकडे गेलो. दुसऱ्या महायुद्धात ते प्रार्थनालयही नष्ट झाले. १९५० च्या दशकातील उत्खननात तेथे यहुद्यांचे जमिनीखालील स्नानकुंड सापडले. याच शहरातील कार्मेल मठात १९३३ साली दाखल झालेल्या, यहुदी घराण्यात जन्मलेल्या एडिथ स्टाईन यांची आठवण होणे अपरिहार्य होते. १९३८ च्या अखेरीस त्यांना हॉलंडला हलविण्यात आले. तेथून नाझींनी त्यांना ऑशविट्झला नेऊन ऑगस्ट १९४२ मध्ये ठार केले. १९९८ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

बोटीचा भोंगा झाला. महामंदिराचे मनोरे नदीवरून बराच वेळ दिसत होते. स्नानकुंडाची जागा घरांच्या ओळींमागे राहिली.