खेचरांची वाट, आगगाडीचा घाट

सायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्याच्या दोनच मागण्या असतात. मागून येणाऱ्या मोटारीचे भय नसावे आणि चढ छातीवर येऊ नये. सपाट मुलखात या दोन्ही पुरवणे अवघड नाही. डोंगरातून नदीकाठाने जाणाऱ्या मार्गावर मात्र त्या एकत्र क्वचितच मिळतात. दरी अरुंद असते, आणि जी काय सपाट पट्टी असते ती हमरस्त्याने आधीच बळकावलेली असते. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरापासून अलेघेनी पर्वत ओलांडून पिट्सबर्गपर्यंत सुमारे ५४० किलोमीटरांची अशी एक सलग वाट आहे. गंमत अशी की ती सायकलस्वारांसाठी कोणी आखलेली नव्हती. तिचा पूर्वार्ध ही बुडीत निघालेल्या एका कालव्याची मिळकत आहे आणि उत्तरार्ध बंद पडलेल्या एका लोहमार्गाची. दोघांच्याही मागे जे स्वप्न होते ते एकच: पूर्व किनारा पर्वतापलीकडच्या ओहायो नदीला जोडावयाचा.

हे स्वप्न प्रथम जॉर्ज वॉशिंग्टनने पाहिले. अध्यक्षपदावर येण्यापूर्वीच, १७८५ साली, त्याने पोटोमॅक नदी नौकानयनास योग्य करण्यासाठी कंपनी स्थापन केली व तिचे अध्यक्षपद स्वीकारले. धबधब्यांना वळसे घालणारे छोटे कालवे तिने खणले, पण नदीचा लहरीपणा काही गेला नाही. तेव्हा नदीच्या अंगाअंगाने स्वतंत्र कालवाच न्यावा असे ठरले. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी ‘चेसापीक अँड ओहायो’ कालव्याची पहिली कुदळ मारली. कुदळ मुळावर अडली. अध्यक्षांनी कोट उतरवला आणि पुन्हा घाव घातले, तेव्हा जमलेल्या लोकांनी जयघोष केला. त्याच दिवशी जवळच्या बॉल्टिमोर शहरात, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी हयात असलेला अखेरचा पुरुष, चार्ल्स कॅरोल, ‘बॉल्टिमोर अँड ओहायो’ या लोहमार्गाची पायाशिला बसवीत होता. कालव्याचे भवितव्य त्याच दिवशी ठरले होते. फक्त ते कोणास ठाऊक नव्हते.

पॉइंट ऑफ रॉक्स येथे डोंगर थेट नदीत उतरतो. तेथल्या चिंचोळ्या पट्टीवरून कालवा जावा की रूळ, यावर दोन्ही कंपन्या न्यायालयात भांडत राहिल्या. १८३२ साली निकाल कालव्याच्या बाजूने लागला, पण पुढे तडजोड होऊन रूळही तेथून गेले. रूळ कंबरलँडला पोहोचले १८४२ मध्ये. कालवा पोहोचला १८५० मध्ये. पुढचा पर्वत कालव्याने कधी ओलांडलाच नाही. ओहायो हा शब्द त्याच्या नावात तेवढा राहिला.

आजच्या प्रवाशाला उपयोगी पडते ती कालव्याची रचना. पाणी सपाट असावे लागते, म्हणून त्याच्या काठची वाटही सपाट. १८४.५ मैलांच्या लांबीत, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरांत, चढ अवघा ६०५ फुटांचा, आणि तोही ७४ जलपाशांत वाटून दिलेला. एका जलपाशापाशी आठ-दहा फूट चढायचे, मग पुन्हा मैलच्या मैल सपाटी. कोळशाने भरलेल्या नावा खेचरे ओढीत. खेचरांच्या दोन जोड्या असत. एक दोरखंडाला जुंपलेली, दुसरी नावेतल्याच तबेल्यात विसावा घेणारी. या खेचरांसाठी कालव्याच्या काठाने जी वाट राखली होती तीच आजची सायकलची वाट. वडोदऱ्याकडील वाचकांना येथे डभईची आठवण होईल. खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभई ते मियागाम जो अरुंद लोहमार्ग घातला, त्यावरही प्रारंभी डबे ओढीत ते बैलच. जनावराने ओझे ओढावयाचे म्हटले की चढ फार ठेवून चालत नाही, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांना सारखेच पटलेले होते.

या सपाटीची किंमत मात्र जबर होती. पॉ पॉ येथे नदीची सहा मैलांची वळणे टाळण्यासाठी ३,११८ फुटांचा बोगदा काढावयाचे ठरले. १८३६ साली काम सुरू झाले. दोन वर्षांत ते पुरे करण्याचा मक्ता ली माँटगोमेरी या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने घेतला; लागली चौदा वर्षे. पगार थकले, मजुरांत दंगली झाल्या. त्याआधी १८३२ मध्ये कालव्यावरच्या वसाहतींत पटकीने माणसे मेली होती; त्यांत आयर्लंडहून आलेले मजूर पुष्कळ होते. आज जी वाट निवांत व रमणीय वाटते तिच्या खाली ही माणसे आहेत, हे पर्यटनाच्या पत्रकांत सहसा येत नाही.

१८८९ च्या महापुराने कालवा मोडला आणि तो त्याच्या प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीच्याच हाती गेला. १९२४ च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या. १९३८ मध्ये रेल्वेने तो वीस लाख डॉलरांना केंद्र सरकारला विकला. महायुद्धानंतर योजना निघाली ती मोटारींसाठी: कालव्याच्या पट्टीवरून निसर्गरम्य मोटाररस्ता काढावयाचा. जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच पत्राला जाहीर पत्र लिहिले आणि अग्रलेख लिहिणाऱ्याला कालव्याची सबंध लांबी आपल्याबरोबर पायी चालून पाहण्याचे आव्हान दिले. संपादकांनी ते स्वीकारले. मार्चमध्ये कंबरलँडहून निघालेली ही मंडळी आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचली. वाटेत पुष्कळजण आले-गेले. संपूर्ण अंतर चाललेले नऊच, आणि त्यांत स्वतः न्यायमूर्ती होते. वृत्तपत्राने आपली भूमिका बरीचशी बदलली. (न्यायासनावरील व्यक्तीने अशा लोकमोहिमेचे नेतृत्व करावे काय, हा प्रश्न आज कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. डग्लस यांना तो फारसा छळत नसावा.) मोटाररस्त्याची कल्पना मागे पडली. १९६१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि जानेवारी १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. १९७७ साली ते उद्यान डग्लस यांना अर्पण करण्यात आले.

डग्लस यांनी एखादे सुंदर स्थळ वाचवले असते तर त्याचे इतके महत्त्व नव्हते. त्यांनी वाचवला तो सलगपणा. कालव्याचा एखादा तुकडा, एखादा जलपाश, राखणे सोपे असते. पण मधले पाच मैल गेले की उरलेल्या पावणेदोनशे मैलांची वाट राहत नाही, त्यांची दोन उद्याने होतात.

लोहमार्गाच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्र होता. कंबरलँडहून पर्वत ओलांडणारा ‘वेस्टर्न मेरीलँड’ रेल्वेचा फाटा १९१२ मध्ये सुरू झाला आणि १९७५ मध्ये बंद पडला. अमेरिकेत अनेक ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नसे, फक्त जाण्यायेण्याचा हक्क असे. गाडी थांबली की पट्टा शेजारच्या मालकांकडे परत जाई व त्याचे तुकडे होत. १९८३ च्या कायद्याने तोड काढली. भविष्यात पुन्हा रूळ घालण्याची शक्यता राखून पट्टा अखंड ठेवावा आणि तोवर त्याची पायवाट अथवा सायकलवाट करावी. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र मालकांना नुकसानभरपाई मागण्याची मुभा ठेवली. मालकांची बाजू सर्वस्वी पोकळ होती असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

आपल्या बाजूला या प्रश्नाचा असा विचार झाल्याचे फारसे दिसत नाही. माधवराव शिंद्यांच्या काळातील ग्वाल्हेर-श्योपूर ही दोन फुटी गाडी २०२० साली थांबली आणि त्या दिशेला ब्रॉडगेजचे काम हाती घेण्यात आले. होळकरांच्या कर्जातून झालेल्या मार्गावरील पाताळपाणी-कालाकुंड या घाटात डिसेंबर २०१८ मध्ये पर्यटकांसाठी गाडी सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण रूळ उखडले गेल्यावर जुन्या पट्ट्याचे काय होते, याची नोंद निदान आपल्यासारख्या मंडळांनी तरी ठेवावयास हवी.

अलेघेनीतील वाटेचा पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइल या गावी यॉकगेनी नदीच्या काठी खुला झाला. मग तुकड्याला तुकडा जोडत गेला. वाफेच्या इंजिनालाही खडा चढ मानवत नाही, म्हणून कंबरलँडहून २,३९२ फुटांवरच्या जलविभाजकापर्यंतचे सुमारे ३८ किलोमीटर शंभराला दीड-पावणेदोन या बेताने चढतात. पलीकडे पिट्सबर्गपर्यंतची २०० किलोमीटरांची उतरण तर जाणवतही नाही. बिग सॅव्हेज नावाचा ३,२९४ फुटांचा बोगदा दुरुस्त करावा लागला; हिवाळ्यात त्याची दारे लावून घेतात. २००६ मध्ये वाट कंबरलँडला खेचरांच्या वाटेस मिळाली आणि २०१३ मध्ये पिट्सबर्गच्या नदीसंगमावर पोहोचली. वॉशिंग्टनची कंपनी स्थापन झाल्याला तोवर २२८ वर्षे झाली होती.

पॉ पॉच्या बोगद्यात आजही सायकलवरून उतरून चालावे लागते. वाट फारच अरुंद आहे, आत दिवा नाही, आणि पाण्याच्या बाजूला जो लाकडी कठडा आहे त्यावर नावांच्या दोरखंडांनी पाडलेल्या खाचा अंधारात हाताला लागतात.